जाकीट केव्हा घालावे?



रायपूर हे समुद्रापासून शेकडो मैल आत वसलेले शहर आहे. येथे बसून कोणी नौकेतील प्रवासाविषयी चार शब्द सांगू लागला, तर मुंबई-रत्नागिरीकडील श्रोत्यांना तो आगाऊपणा वाटण्याचा संभव आहे. हा आरोप मी आरंभीच मान्य करून टाकतो. परंतु आम्ही छत्तीसगडचे लोक वाटतो तितके कोरडे नाही. महानदी आमच्या पूर्वेच्या अंगाने वाहते. आगगाडी येण्यापूर्वी या नदीतून नावांची ये-जा संबलपूरच्याही वर, थेट आमच्या आरंगपर्यंत चालत असे. खालून मीठ येई आणि वरून धान्य जाई. राजिमला महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम आहे, आणि कुलेश्वर महादेवाचे देऊळ तर नदीच्या पात्रातच उभे आहे. केवट आणि त्याचा डोंगा यांच्यावाचून या प्रदेशातील लोककथा पुरी होत नाही. शिवाय धरणे झाल्यापासून धमतरीजवळच्या गंगरेलसारख्या विस्तीर्ण जलाशयांवर सुटीच्या दिवशी होडीत बसावयास जाणे हा आमच्याकडील मध्यमवर्गाचा एक आवडता विरंगुळा झाला आहे.

अशाच एका जलाशयावर काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब गेलो होतो. नागपूरहून माझे मामा आले होते, आणि माझी आठ वर्षांची मुलगी बरोबर होती. यंत्रावर चालणारी होडी होती. बसावयाच्या फळीखाली नारिंगी रंगाच्या जाकिटांचा एक गठ्ठा सुतळीने आवळून ठेवलेला मुलीच्या दृष्टीस पडला.

"बाबा, ही कशाला?" तिने विचारले.

"पाण्यात पडलो तर तरंगायला."

"मग ती केव्हा घालायची?"

"वेळ आली म्हणजे," मी म्हणालो.

मामा हसून म्हणाले, "अगं, पाणी कसं आरशासारखं आहे बघ! आणि हा नावाडी काय आजचा आहे?" नावाडीही हसला. आम्ही तासभर हिंडलो, फोटो काढले आणि सुखरूप परतलो. काहीही घडले नाही.

घरी आल्यावर मात्र माझे उत्तर मलाच टोचू लागले. माझ्या नोकरीत तपासणीचे तक्ते भरून घेणे हे एक नित्याचे काम आहे. त्याच महिन्यात माझ्या सहीने गेलेल्या एका तक्त्यात 'जीवरक्षक जाकिटे आहेत काय?' असा रकाना होता, आणि त्यापुढे 'होय' असे लिहिलेले होते. उत्तर खोटे नव्हते. जाकिटे होतीच; सुतळीने बांधलेली होती. तेव्हापासून त्या आठ वर्षांच्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर इतिहासात काय मिळते, हे मी फावल्या वेळी पाहत आलो. तेच आज आपणापुढे ठेवतो.

पाण्यावर तरंगण्यासाठी अंगाशी काहीतरी बांधावे, ही युक्ती आपल्याला परदेशातून शिकावी लागली नाही. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड करून नद्या ओलांडण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. विहिरीत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला भोपळा, पांगाऱ्याचे हलके लाकूड किंवा रिकामा डबा बांधीत, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. काहींनी अनुभवलेही असेल. आता यात एक साधी गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तो भोपळा विहिरीच्या काठावर बांधीत. मुलगा गटांगळ्या खाऊ लागला म्हणजे वरून भोपळा टाकू आणि मग तो पाण्यातच बांधून घेईल, असा विचार कोणत्याही शहाण्या आजोबांनी केला नाही. आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या पूर्वजांना जे उपजत ठाऊक होते, ते आधुनिक जगाला फार मोठी किंमत देऊन पुन्हा शिकावे लागले.

आज आपण ज्याला जीवरक्षक जाकीट म्हणतो, त्याचा पूर्वज १८५४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. संकटातील गलबतांवरील माणसे वाचविण्यासाठी तेथे एक संस्था होती व आजही आहे. तिचे निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनी जाड कापडाच्या बंडीवर बुचाचे तुकडे शिवून हे जाकीट बनविले. ते अवजड होते, वल्ही मारताना अडचणीचे वाटे, आणि दर्यावर्दी माणसाला ते घालणे कमीपणाचेही वाटत असावे. पुढे ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिटबी या बंदरापाशी भयंकर वादळ झाले. तेथील बचावनौका एकाच दिवसात पाच वेळा समुद्रात जाऊन पाच गलबतांवरील माणसे सोडवून आली. सहाव्या वेळी ती उलटली. नौकेवर तेरा जण होते. धक्क्यावर उभ्या असलेल्या गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांतील बारा जण बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन नावाचा एकच तरुण, आणि नव्या पद्धतीचे बुचाचे जाकीट अंगात असलेलाही तोच एकटा होता. जे बुडाले ते काही नवशिके नव्हते. त्याच दिवशी पाच वेळा त्यांनी आपले कसब सिद्ध केले होते. पोहता येणे, धैर्य असणे आणि समुद्र ओळखीचा असणे या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. फ्रीमन पुढे त्याच गावच्या बचावनौकेचा तांडेल झाला.

या घटनेनंतर जाकिटाच्या उपयोगाविषयी शंका उरली नाही. परंतु उपयोग मान्य होताच त्याचे एका 'तरतुदीत' रूपांतर झाले, आणि तरतूद म्हटली की आम्हा सरकारी माणसांचा कारभार सुरू होतो. १५ जून १९०४ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'जनरल स्लोकम' नावाच्या आगबोटीवर एका चर्चच्या सहलीला निघालेली सुमारे साडेतेराशे माणसे होती; त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. बोट ईस्ट नदीत असताना तिला आग लागली. बोटीवर जाकिटे भरपूर होती. परंतु ती वर्षानुवर्षे उन्हापावसात टांगलेली असल्याने आतील बुचाचा भुगा झाला होता आणि कापड कुजले होते. आयांनी ती मुलांच्या अंगात घातली, मुलांना पाण्यात सोडले, आणि मुले तळाला गेली. त्या दिवशी हजाराहून अधिक माणसे मेली. जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी सरकारी निरीक्षकाने या बोटीची तपासणी करून सर्व साधने ठीक असल्याचा दाखला दिला होता. हे वाचताना त्या अनोळखी निरीक्षकाच्या जागी मी स्वतःला पाहिले, हे कबूल करावयास हवे.

पुढे १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली. तिच्यावर जाकिटे पुरेशी होती, पण होड्या अपुऱ्या होत्या, आणि जाकीट घातलेली शेकडो माणसे बर्फासारख्या पाण्यात गारठून गेली. जाकीट म्हणजे अमरत्वाचे कवच नव्हे, हा धडा त्यातून मिळाला. १९१४ साली लंडनला राष्ट्रांची परिषद भरली आणि जहाजांवर किती होड्या, किती जाकिटे असावीत याचे करार झाले. परंतु 'किती' याचे उत्तर मिळाले म्हणजे 'केव्हा' याचे मिळते असे नाही. दुसऱ्याच वर्षी, ७ मे १९१५ रोजी, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ पाणतीराने फोडलेले 'लुसिटानिया' हे प्रचंड जहाज अवघ्या अठरा मिनिटांत बुडाले. सुमारे बाराशे माणसे गेली. अनेकांची जाकिटे खालच्या खोल्यांत राहून गेली होती. ज्यांनी घाईघाईने घातली, त्यांतील कित्येकांनी ती उलटी घातली, आणि त्यामुळे त्यांचे डोके वर राहण्याऐवजी पाण्यात गेले. युद्धाचे दिवस होते आणि धोक्याची सूचना प्रवाशांनी वर्तमानपत्रांत वाचलेली होती. तरीही बंद कसे बांधावयाचे हे धोका येण्यापूर्वी हाताला ठाऊक झालेले नव्हते.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. कोकणच्या माणसाला आगबोटींच्या अपघातांची आठवण करून द्यावयास नको. 'तुकाराम' आणि 'जयंती' या दोन आगबोटी १९२७ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी वादळात गेल्या. परंतु ज्या नावाने आजही त्या किनाऱ्यावरची घरे गप्प होतात, ते नाव 'रामदास'. १७ जुलै १९४७ चा तो दिवस. दुसऱ्या दिवशी आषाढातली अमावास्या होती. गिरणगावातील आणि मुंबईच्या पेढ्यांतील माणसे घरी निघाली होती. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून बोट रेवसकडे सुटली. बोटीवर सातशेच्या आसपास माणसे होती. वारा आणि पाऊस सुरू झाला. काशाच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेने बोट कलली, भेदरलेली माणसे एका बाजूला लोटली गेली, आणि काही मिनिटांत बोट उलटून बुडाली. मुंबई शहर तेथून अवघ्या काही मैलांवर होते. परंतु बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते, त्यामुळे शहराला काही तास पत्ताच लागला नाही. एक लहान मुलगा तरंगत मुंबईच्या किनाऱ्याला लागला, आणि पाण्यात काय घडले याची वार्ता त्याच्याकडून कळली. मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांनी आपल्या होड्या वळवून हाती लागतील तितक्या माणसांना वर काढले. तरी सहाशेहून अधिक माणसे गेली. अवघ्या चार आठवड्यांनी देश स्वतंत्र झाला. अलिबागकडील कित्येक घरांत त्या दिवशी सुतक संपून फार दिवस झालेले नव्हते.

'रामदास'वर प्रवाशांच्या मानाने जीवरक्षक साधने थोडी होती, हे दुर्दैव खरेच. परंतु क्षणभर अशी कल्पना करा, की बोटीत सातशे जाकिटे कप्प्यांत रचून ठेवलेली होती. ज्या बोटीला उलटावयास काही मिनिटे पुरली, तिच्यावर ती किती जणांच्या हाती लागली असती? आणि लागली असती, तरी किती जणांना बंद बांधण्याइतका अवधी मिळाला असता?

ही केवळ आगबोटींच्या काळाची कहाणी आहे असे कोणी समजू नये. एकट्या २०२४ सालात आपल्या देशात तीन वेळा हाच धडा गिरविला गेला. १८ जानेवारीला बडोद्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची होडी उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. सर्वांच्या अंगात जाकिटे नव्हती. १९ एप्रिलला आमच्याच महानदीत, ओडिशाच्या झारसुगुडा जिल्ह्यात, देवदर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची होडी बुडाली आणि आठ जण दगावले. ते भाविक आमच्या रायगड जिल्ह्यातील, खरसियाकडचे होते. हा रायगड छत्तीसगडचा, कोकणचा नव्हे. आणि १८ डिसेंबरला, भर दुपारी, स्वच्छ हवेत, 'गेटवे'हून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका ताबा सुटून आदळली. पंधरा जण मृत्यू पावले. वाचलेल्यांनी सांगितले, की बहुतेकांच्या अंगात जाकीट नव्हते. त्यानंतर तेथे जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले. तलाव, नदी आणि समुद्र. सहल, यात्रा आणि पर्यटन. तिन्ही ठिकाणी प्रवाशांनी निघताना वर पाहिले असेल, तर आकाश बहुधा निरभ्रच दिसले असेल.

'वेळ आली म्हणजे' हे उत्तर चुकते ते येथे. ती वेळ आपण समजतो तशी येत नाही. बुडणारा मनुष्य हात हलवून हाका मारतो, हे नाटकातले दृश्य आहे. प्रत्यक्षात त्याचे सारे बळ श्वास घेण्यात खर्च होते. त्याचे हात आपोआप पाणी खाली दाबू लागतात, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि पोहता न येणाऱ्याची ही धडपड बहुधा एका मिनिटाच्या आतच संपते. अशा माणसाच्या हाती जाकीट दिले, तरी त्याला ते बाहीत हात घालून, पट्टे ओढून चढविता येणार नाही. वस्तुतः पाण्यातील माणसाला फार मोठ्या आधाराची गरजही नसते. त्याच्या शरीराचा बहुतेक भार पाणीच पेलते. डोके वर ठेवण्यास तीन ते पाच किलो वजन तोलण्याइतका आधार पुरतो. इतका लहान आधार. पण तो आधीच अंगाशी असावा लागतो. आणि आम्हा नदी-तलावांच्या लोकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडे पाणी हलके असल्याने मनुष्य त्यात किंचित अधिकच खाली बसतो. तलाव शांत दिसतो, पण तो समुद्राहून दयाळू नाही.

जाकिटाविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, ते अगदीच टाकाऊ आहेत असे मी म्हणणार नाही. वैशाखात आमच्याकडे पारा चव्वेचाळीस अंशांपुढे जातो. त्या उकाड्यात हे जाड जाकीट घालणे सुखाचे नसते. शंभर जणांनी घातलेल्या, न धुतलेल्या जाकिटाला वास येतो. शिडाच्या होड्या चालविणारे अनुभवी लोकही म्हणतात, की आम्ही ते रात्री घालतो, वारा वाढला की घालतो, एकटे असलो की घालतो, बरोबर मुले असली की घालतो. परंतु ही यादी नीट पाहिली, तर असे दिसते, की यांतील अनेक कारणे निघाल्यानंतर वाटेतच उद्भवतात. वारा वाढतो तेव्हा शिड उतरवायला दोन्ही हात हवे असतात. जाकिटाच्या पट्ट्यांसाठी तिसरा हात कोठून आणावयाचा? तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. पाणी नाकातोंडात गेल्यावर जाकीट शोधणे हा त्याच शहाणपणाचा दुसरा प्रकार आहे.

मात्र नियम सांगताना त्याचा अपवादही सांगितला पाहिजे. घालणे आणि फुगविणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी इथिओपियाचे एक अपहृत विमान कोमोरो बेटांजवळ समुद्रात कोसळले. काही प्रवाशांनी हवेने फुगणारी जाकिटे विमानाच्या आतच फुगविली. पाणी आत शिरताच ते छताशी तरंगत अडकले आणि दारापर्यंत पोहोचू शकले नाहीत. म्हणून फुगणारे जाकीट आधी घालावे, पण बंदिस्त जागेतून बाहेर पडल्यावरच फुगवावे. आणि ज्याच्यावर बुचासारखा हलका पदार्थ आधीच शिवलेला आहे, ते घालून होडीच्या बंद खोलीत बसू नये, उघड्यावर बसावे.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ साली नौकासुरक्षेविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला. नियमांची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. उणीव आहे ती एका क्रियापदाची. आमच्या तक्त्यांत 'असणे' हे क्रियापद असते. पाहिजे ते 'घालणे'. जाकिटे 'आहेत' हे कार्यालयात बसूनही लिहिता येते. ती 'घातली होती' हे लिहावयाचे, तर कोणाला तरी धक्क्यावर जाऊन उभे राहावे लागते, आणि जाकीट न घालणाऱ्याला, मग तो मोठा अधिकारी असो की त्याचा मामा, होडीतून उतरविण्याचे धैर्य दाखवावे लागते. नावाड्याच्या अंगी हे धैर्य यावे, असे वाटत असेल, तर त्या दिवशी बुडालेल्या भाड्याची भीती त्याला वाटता कामा नये. सर्वच होड्यांना एकच नियम असेल, तरच ते घडेल. आणि नावाड्याने प्रथम स्वतः जाकीट घातले पाहिजे. शब्दांपेक्षा त्याचा प्रवाशांवर अधिक परिणाम होतो.

आता आपण प्रवाशांनी काय करावे, ते थोडक्यात सांगतो. जाकीट धक्क्यावर घालावे आणि परत धक्क्यावर पाय टेकल्यावरच काढावे. मधल्या वेळेत हा प्रश्नच मनात येऊ देऊ नये. घालण्यापूर्वी कापड फाटलेले नाही, पट्टे आणि चाप शाबूत आहेत हे हाताने ओढून पाहावे. घातल्यावर दुसऱ्या कोणाला तरी ते खांद्यांवर धरून वर उचलावयास सांगावे. कानांपर्यंत सरकले तर ते सैल आहे असे समजावे. मुलाला मोठ्या माणसाचे जाकीट घालू नये. ते डोक्यावरून निसटते. मुलाच्या मापाचे, दोन्ही पायांमधून पट्टा घेतलेले जाकीट नसेल, तर त्या दिवशी मुलाला होडीत नेऊ नये. सर्वांना पुरतील इतकी जाकिटे नसतील, तर दुसरी होडी पाहावी, किंवा काठावर बसून भजी खावीत आणि परत यावे. त्यात कोणाचेही काही बिघडत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्याच जलाशयावर गेलो. मामांचे आता वय झाले आहे, ते काठावरच बसले. मुलगी मोठी झाली आहे. माझ्या आधी तिने आपले जाकीट घातले, आणि माझा डावीकडचा चाप नीट बसला नव्हता तो तिने ओढून लावला. पाणी त्या दिवशीही आरशासारखे होते. तासाभराने आम्ही परतलो. या खेपेसही काही घडले नाही.